मागच्या बाजूचा वाटा

"ही पांढरी प्लॅस्टिकची, ही पत्र्याची आणि ही स्टीलची." दुकानदारानं तीन पट्ट्या काउंटरवर शेजारी शेजारी मांडल्या आणि हात झटकले. "आता तुम्ही बोला, काका."

मी वही उघडली.

कोल्हापुरातलं ते हार्डवेअरचं दुकान बोळासारखं अरुंद आणि लांबलचक होतं. माझ्यामागं दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती. घराच्या बाहेरच्या गिलाव्यासाठी पट्ट्या घ्यायच्या होत्या. भिंतीचे कोपरे तुटू नयेत म्हणून गिलावा करण्याआधी ही भोकांची पट्टी कोपऱ्यात ओळंब्यात बसवतात आणि तिच्यावर माल चढवतात. छज्ज्याच्या कडेला पाणी तोडायची पट्टी वेगळी असते, जोत्याच्या वर गिलावा जिथं संपतो तिथली वेगळी. माझा मुलगा हेमंत पुण्यात एका बिल्डरच्या कचेरीत आहे. त्यानं पट्ट्यांचा एक जाड कॅटलॉग पाठवला होता. मी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्या वाचनानंतर मला पहिल्यापेक्षा कमी कळत होतं. म्हणून चार पानं प्रश्न लिहून आणले होते.

"ही पत्र्याची मजबूत दिसते," मी म्हणालो. "कॅटलॉगमध्ये हिच्याबद्दल…"

"गाव कुठलं तुमचं?"

"आजरा."

"मग ती खाली ठेवा. आजऱ्याच्या पावसात तिसऱ्या वर्षी गंजणार. पांढऱ्या भिंतीवर तांबडे ओघळ येतील, पान खाऊन थुंकल्यासारखे."

"मग स्टीलची?"

"कारखान्याला घ्या. घराला कशाला?"

"पण प्लॅस्टिक उन्हानं…"

"अहो काका, ती गिलाव्याच्या आत असती. तिला ऊन लागणार कुठनं?"

माझ्या वहीतला तो सातवा प्रश्न होता. मी तो खोडला आणि आठव्याकडे वळलो. तेवढ्यात स्टुलावर बसलेली मालन म्हणाली, "दादा, नर्सच्या नोकरीला घेताना मलासुद्धा एवढे प्रश्न विचारले नव्हते."

मागची दोन्ही गिऱ्हाइकं हसली. मी वही मिटली आणि पांढऱ्या पट्ट्या घेतल्या.

मालन माझी धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मिरजेच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आजऱ्याला माझ्याकडे राहायला आली. त्याच वर्षी माझी बायको गेली होती. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. घरात दिवसभरात कुणी मोठ्यानं बोललं तर ती मालनच. मी उत्तरं देतो, तीही उशिरा.

तिची खोली मागच्या बाजूला, पश्चिमेला. पावसाचा सगळा मारा त्या भिंतीवर. आदल्या पावसाळ्यात भिंतीला हिरवी बुरशी धरली होती. तिनं पलंग तीन वेळा हलवला. दसऱ्याला आपट्याची पानं देऊन झाल्यावर ती म्हणाली, "पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली तर मी मिरजेला सिंधूकडे जाणार. तिची एक खोली रिकामीच आहे. रागानं नाही सांगत हं." सिंधू म्हणजे तिची दवाखान्यातली मैत्रीण. मालन रागानं बोलत नाही, म्हणूनच मला भीती वाटली. त्या पट्ट्यांच्या मागं मी इतका का लागलो होतो, ते यावरून कळेल. याला आता बारा वर्षं झाली.

आठ फुटी पट्ट्यांचा भारा आम्ही एसटीतून आणला. कंडक्टर म्हणाला, "अण्णा, झेंडावंदन कुठं हाय?" मालन म्हणाली, "ह्यांच्या घरावर. या पेढे खायला." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिला असं चटकन सुचतं. मला त्या कंडक्टरला द्यायचं उत्तर आजही सुचलेलं नाही.

काम बाळाप्पा गवंड्याला दिलं होतं. त्यानं भारा सोडला, एक पट्टी उचलून डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाला, "अण्णा, चाळीस वर्सं मी हातानं कोपरं काढतोय. आता म्हातारपणी माझ्या हाताला ह्यो टेकू व्हय?"

"तसं नाही, बाळाप्पा. कॅटलॉगमध्ये असं आहे की…"

"कॅटलागनं कवा थापी धरली हुती?"

पण पट्टी बसवायला लागल्यावर त्याला ती आवडली. पहिला कोपरा झाल्यावर तो लांब जाऊन, एक डोळा मिटून बघत राहिला. "सुरीगत धार आलीया," म्हणाला. मला फार बरं वाटलं. पुढची बाजू झाली, दोन्ही बाजू झाल्या. छज्ज्यांच्या कडेला पट्ट्या लागल्या. मी रोज खुर्ची टाकून कॅटलॉग मांडीवर घेऊन बसत होतो आणि बाळाप्पा मला अधूनमधून विचारायचा, "काय म्हंतंय पुस्तक?"

मग मागची बाजू आली.

मालनच्या खिडकीच्या खाली न्हाणीघराचा बुटका स्लॅब आहे. तो तिच्या भिंतीला जिथं मिळतो, त्या खाचेत पाणी साचायचं आणि भिंतीत उतरायचं. बाळाप्पा त्या स्लॅबवर चढून उकिडवा बसला, बोटानं खाच खरवडली आणि खाली मला म्हणाला, "अण्णा, हितं वाटा द्यायला पायजे."

गवंडी वाटा कशाला म्हणतात ते मला ठाऊक होतं. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या खाचेत सिमेंटचा माल भरून गोलसर उतार करतात, म्हणजे पाणी तिथं थांबत नाही, घसरून जातं. तोच वाटा. हेमंतनं मला फोनवर बजावलं होतं, "गवंडी वाटा घालू म्हणेल. घालू देऊ नका. बेढब दिसतो. आतल्या कोपऱ्याचीसुद्धा पट्टी मिळते, ती लावायला सांगा." मी ती पट्टी आणलीही होती.

शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडत होता, म्हणून मला ओरडून बोलावं लागलं.

"वाटा नको!"

"सिस्टरबाईंच्या बाजूला वाटा नको म्हंतासा?"

"नको! हेमंतला आवडणार नाही!"

"आवं, हेमंत पुण्यात. हितं ऱ्हायाचं सिस्टरबाईस्नी."

"एकदा दिला की परत काढता येतो का? उद्या तो आला की मला बोलेल. तिच्या बाजूला एक पट्टी लावून द्या. तेवढं पुष्कळ झालं!"

"बगा बाबा. जिथला वाटा तिथं दिला न्हाई की घर रडतंय."

"काही रडत नाही!"

इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार वेळा बोललेलो नाही. वाचनालयात पुस्तक दोन वर्षांनी परत आणणाऱ्यालाही मी "हरकत नाही" म्हणायचो. त्या दिवशी गवंड्यापुढं माघार घेतली नाही म्हणून मी मनातून खूश होतो. वर मालनची खिडकी उघडी होती, हे मी पाहिलं होतं. त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही.

रात्री जेवताना मालन म्हणाली, "दादा, मी सिंधूला फोन केला. सोमवारी जाते."

"किती दिवस?"

"राहायलाच."

माझा घास हातात राहिला. "अगं, पण पट्ट्या बसतायत की. आता भिंत…"

"भिंतीचं नाही."

"मग?"

"मग काही नाही. भाकरी घे."

तेव्हाच विचारायला हवं होतं. मी भाकरी घेतली.

नंतरचे दिवस मी काय चुकलो ते शोधण्यात घालवले. वहीत मागच्या पानावर यादी केली. दुकानात ती म्हणत होती तेव्हा मी लवकर आटपलं नाही. एसटीत तिला खिडकीची जागा दिली नाही. चहा पांचट झालाय असं मी पंधरा दिवसांपूर्वी म्हणालो होतो. यादी अकरापर्यंत गेली. त्यातलं एकही कारण घर सोडून जाण्याएवढं नव्हतं, आणि तिला जाऊन विचारण्याएवढं धैर्य माझ्यात नव्हतं. ती नेहमीसारखीच स्वयंपाक करत होती, बाळाप्पाला चहा देत होती. फक्त माझ्याशी बोलताना ती पेशंटशी बोलल्यासारखं बोलायला लागली होती. नीट, हळू आणि कामापुरतं.

सोमवारी सकाळी साडेनऊची गाडी होती. साडेआठच्या सुमाराला ती मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. मी तिथंच उगाच उभा होतो. वर स्लॅबवर बाळाप्पा आतल्या कोपऱ्याच्या पट्टीशी झटत होता. खाच वाकडी होती, पट्टी सरळ होती. एक टोक दाबलं की दुसरं उठायचं. शेवटी त्यानं पट्टी खाली टाकली.

"अण्णा, ही काय बसंना. अजून सांगतो, ऐका. सिस्टरबाईंचा वाटा देऊन टाका, माझ्या डोस्क्याचा ताप जाईल."

मालनच्या हातातली चादर तशीच राहिली. ती वर बघून म्हणाली, "बाळाप्पा, तुम्ही चांगल्या मनानं बोलताय. पण यात पडू नका. मी तो कधी मागितला नाही आणि मागणारही नाही."

"तुमी कशाला मागशीला? त्यो गवंड्यानं मागायचा असतोय."

"गवंड्यानं? तुमचा काय संबंध?"

"आवं, मग घालणार कोण? अण्णा? अण्णांस्नी थापी तरी धरता येती का?"

मालन त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काही सापडलं नसणार, कारण मलाही काही कळलेलं नव्हतं.

"कसला वाटा म्हणताय तुम्ही?" तिनं विचारलं.

"ह्यो." बाळाप्पानं घमेल्यातला गोळा उचलून खाचेत थापला आणि रिकामी बाटली आडवी धरून त्याच्यावरून ओढली. कोपऱ्यात तळहाताएवढा गुळगुळीत उतार झाला. "ह्यो बगा वाटा. हितनं पाणी सुळकन खाली. मूठभर माल जास्ती जातोय, दुसरं काय न्हाई. आन् एवढ्यासाठी तुमचा भाऊ चार दिस नगं नगं करतोय."

मालन धुण्याच्या दगडावर बसली आणि हसायला लागली. चादर तोंडाला लावून हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. "अरे देवा," म्हणाली, "अरे देवा, गिलाव्याचा!" तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. बाळाप्पाला सांगितल्यावर तोही मांड्या थोपटून हसला. "सिस्टरबाई, तुमाला काय वाटलं, अण्णा तुमाला घरात वाटा न्हाई म्हंतोय? त्ये बी माझ्याम्होरं वरडून?"

मीही हसलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. अकरा कारणांच्या यादीत नसलेलं बारावं कारण निघालं होतं आणि ते फक्त एका शब्दाचं होतं. शब्दाची चूक दुरुस्त करता येते, एवढं मला नक्की ठाऊक होतं.

"घाला, बाळाप्पा," मी म्हणालो. "भरपूर वाटा घाला. हेमंतला मी बघतो."

मालन घडी केलेले कपडे घेऊन आत गेली. मी तिच्यामागं गेलो. तिनं ते कपडे बॅगेत ठेवले आणि चेन ओढली.

"आता कशाला जातेस?" मी विचारलं. "ते गिलाव्याचं होतं ना."

"हो. कळलं मला."

"मग?"

ती पलंगावर बसली. हसून हसून तिचे डोळे अजून लाल होते. "दादा, तुला सांगते. मी इथं बसून ऐकत होते. तू म्हणालास, हेमंतला आवडणार नाही. तू म्हणालास, एकदा दिला की परत काढता येतो का. मला वाटलं, असंच म्हणणार हा. मला नवलच वाटलं नाही रे."

मी उभाच होतो.

"तीस वर्षं मी डॉक्टरांचं अक्षर वाचलंय. जरा शंका आली की उठून दोनदा विचारायचं, ही सवय आहे माझी. इथं मला शंकाच आली नाही. चार दिवसांत एकदासुद्धा वाटलं नाही की माझी ऐकण्यात चूक झाली असेल, दादा असं कसं म्हणेल." तिनं बॅग उचलली. "तू म्हणाला नाहीस, हे कळलं. पण मला ते पटलं होतं. ते कुठं ठेवू?"

मी बॅग तिच्या हातातून घेतली. तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. खिडकीची जागा मिळाली.

आता ते सांगायला हवं, जे मी इथपर्यंत सांगितलं नाही. घर बांधलं तेव्हा माझ्या पगारावर कुणी कर्ज देईना. ते मालनच्या पगारावर निघालं. हप्ते तिच्या पगारातून कापून जात होते. दोन महिने रजा काढून ती इथं येऊन राहिली होती आणि स्लॅबला सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होती. घर झालं तेव्हा उतारा माझ्या एकट्याच्या नावानं निघाला. पुढं नाव घालून घेऊ, असं मी त्या वेळी म्हणालो होतो. ती म्हणाली होती, "घाल सावकाश, काय घाई आहे?" पंचवीस वर्षं मी सावकाशच होतो. मी विसरलो नव्हतो. दरवर्षी घरपट्टी भरताना पावतीवर एकच नाव दिसायचं आणि मला ते खटकायचं. पण मग हेमंतला सांगावं लागलं असतं. पोरगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, याचा विचार करत मी पावती फाइलला लावायचो. मी लबाड नव्हतो, असं मला वाटतं. पण बाहेरून बघणाऱ्याला लबाड आणि भित्रा यांतला फरक कसा कळावा?

अकराव्या दिवशी मी मिरजेला गेलो. आजऱ्याच्या दस्तलेखकाकडून अर्ध्या घराच्या बक्षीसपत्राचा मसुदा लिहून घेतला होता. त्याच्याकडे चार खेपा घातल्या. मसुद्यात 'मालन'च्या जागी 'मालती' पडलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. तेवढं मला जमतं.

सिंधूबाई बाजारात गेल्या होत्या. मालननं दार उघडलं, पाणी दिलं. मी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं चष्मा लावून सगळा वाचला. एकेक ओळ, वॉर्डातला कागद वाचावा तसा.

"बक्षीसपत्र?" ती म्हणाली. "मी कुठल्या स्पर्धेत पहिली आले, दादा?"

"कायद्यात तसंच म्हणतात गं. दुसरा शब्द मी विचारला त्यांना…"

"असू दे, असू दे." तिनं कागद टेबलावर ठेवला. "यावर माझी सही लागणार?"

"हो. तुला आजऱ्याला यावं लागेल. निबंधक कचेरीत दोघांनी मिळून…"

"हेमंतला सांगितलंस?"

मी पाणी प्यालो. भांडं रिकामंच होतं, तरी प्यालो.

"सांगेन," मी म्हणालो. "एकदा सह्या झाल्या की…"

"नाही. सह्यांच्या आधी. आणि माझ्यासमोर." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "कागद तू कितीही लिहिशील, दादा. चार पानं म्हटलं तर दहा लिहिशील. तुला बोलायला जड जातं. तेवढं बोल, मग मी येते. नाही बोललास तर कागद घेऊन जा, मी रागावणार नाही."

मी फोन काढला. हेमंतचा नंबर वहीत होता, फोनमध्येही होता. मी वहीतून बघून लावला, म्हणजे तेवढाच वेळ जावा. पलीकडून लगेच "हं बाबा" आलं. मागं कुठं तरी ड्रिल मशीन चालू होतं.

"हेमंत, मी मिरजेहून बोलतोय. मालनआत्याकडे आलोय."

"बरं. झालं का काम घराचं?"

"झालं. एक सांगायचं होतं." मी वही मिटली. "मी आत्याला वाटा दिला."

"हॅलो? काय दिला?"

"वाटा. आत्याला वाटा दिला."

"घातलात ना शेवटी!" हेमंत हसला. "मला माहीतच होतं, गवंडी ऐकणार नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला, पट्टी पुरते म्हणून. असू दे आता, मागच्या बाजूला आहे, दिसत नाही फारसं. एवढंच ना? मी साइटवर आहे, ठेवू का?"

मालन समोर बसली होती. फोनचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू गेलं. ती माझ्याकडे बघत होती. 'हो, एवढंच' म्हणून ठेवून देता आलं असतं. मी सांगितलं होतं, तिच्यासमोर सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला याहून सोयीचा शब्द मराठीत सापडला नसता.

"ठेवू नकोस," मी म्हणालो. "गिलाव्याचा नाही."

"मग?"

"घराचा. अर्ध्या घराचा. कर्ज तिच्या पगारावर होतं. हे तुला आधीच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

ड्रिल थांबलं, किंवा हेमंत चालत लांब गेला असेल. मी फोन कानाला घट्ट धरून बसलो.

मालननं उठून माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"हेमंत, आत्या बोलतेय," ती म्हणाली. "तुला काही बोलायचं असलं तर ते मला बोल. दादाला आत्ता काही बोलू नकोस, त्याला दरदरून घाम फुटलाय."